विकत न आणलेलं

कोकणी यजमान पाहुण्याच्या पानात काहीही वाढो, सोबत एक शब्द वाढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही: ‘घरचं आहे.’ नारळ घरचा, आमसुलं घरची, कुळीथ घरचे. दापोली तालुक्यात, भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वसलेली केळशी हे या ‘घरच्या’चंच गाव. पुढे सुरूचं बन आणि पुळण, मागे डोंगर आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या.

वाडी म्हणजे नुसती बाग नव्हे, ते वरपासून खालपर्यंत रचलेलं कोठार. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, सावलीत जायफळ, आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू. उन्हाळ्यात फणसाचे गरे खाल्ले, तरी आठळ्या टाकायच्या नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा या आठळ्या आणि उन्हात वाळवलेली सुकट यांवरच भिस्त. भरतीला खाडी देते आणि ओहोटीला तीच मोकळ्या हाताने वेचू देते: तिसऱ्या, कालवं. त्यासाठी कंबर मोडेपर्यंत वाकावं लागतं, म्हणून ‘फुकटचं’ हा शब्द मात्र तिथे वापरू नये.

खरी गंमत मृगानंतरची. टाकळा कोणी पेरत नाही. पहिल्या सरींनंतर तो अंगणाच्या कडेला आपला आपण उगवतो. कोवळा असतानाच खुडायचा, लसणाची फोडणी द्यायची, हाताशी असल्या तर चार आठळ्या टाकायच्या. पंधरा दिवसांनी गेलात तर त्याचा पाला झालेला असतो. भारंगीचा कडूपणा उकडून, पिळून काढावा लागतो. शेवळं तर सरळ घशाला खाजवतात. त्यांत आणि अळवातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे प्रयोगशाळेने सांगितलं; पण शेवळांत काकडाची फळं किंवा चिंच आणि अळवात आंबट घातल्याशिवाय चुलीवरून उतरवायचं नाही, हे आजीला त्याआधीपासून माहीत होतं. कुठलं पान केव्हा, किती आणि कशाबरोबर, हे शिकायचं तर तिच्यामागून रानात जावं लागतं. आणि मागून जाणारी पोरं तर मुंबईला.

३ जून २०२० रोजी, मृग लागायला चार-पाच दिवस असताना, निसर्ग चक्रीवादळ आलं. केळशीसह दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या. भरपाई रुपयांत मोजतात. पण रोज सकाळी खोवणीवर बसणाऱ्या घराला दुकानातून नारळ आणावा लागणं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? टाकळ्याचं वारा काय बिघडवणार! त्याचा वैरी निराळा. बागेत गवत काढायला गडी मिळत नाहीत म्हणून तणनाशक फवारलं, की गवताबरोबर तोही जातो. इकडे ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, शहरातली माणसं हौसेने जुड्या नेतात. चांगलंच आहे. फक्त जुडीबरोबर आंबटाची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर शेवळांची चव आयुष्यभर लक्षात राहील ती भलत्याच कारणाने.

वादळानंतर रोपं लावली गेली. माडाला फळ धरायला पाच-सात वर्षं, पोफळीलाही जवळपास तेवढीच. म्हणजे २०२० च्या पावसात लावलेलं झाड आत्ता कुठे हाताशी येतं आहे. कोकमाची तऱ्हा याहून वेगळी. बी रुजवून सात-आठ वर्षं सांभाळा, मग फुलल्यावर कळतं की झाड नर आहे, याला फळ येणारच नाही. म्हणून जाणते लोक दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या जातींची कलमं लावतात. पण सार करून उरलेल्या बिया परसात टाकायची खोड जात नाही. त्यातली एखादी रुजते, आणि मग मादी निघेल या आशेवर घरचं कोणीतरी तिला रोज तांब्याभर पाणी घालत राहतं.