नव्या पदार्थांची पारख (६) : लांब, बारीक आणि चिवट

गेल्या आठवड्यात आपण नॅनो आकारामुळे पदार्थाचे गुणधर्म कसे बदलतात ते पाहिले. आता त्याच बदलाची धोक्याची बाजू पाहू, कार्बन नॅनोनलिकांच्या निमित्ताने.

१९९१मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांच्या शोधनिबंधानंतर या नलिकांकडे जगाचे लक्ष गेले. ग्राफाइटचा अणूभर जाडीचा थर गुंडाळून केलेली ही नळी. वजनाला हलकी, ताणाला पोलादाहून सरस आणि विजेची उत्तम वाहक. त्यामुळे आज ती लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्येही मिसळतात.

रसायन म्हणून पाहिले तर हा निव्वळ कार्बन. पेन्सिलीच्या शिशातही तोच. पण श्वासावाटे आत गेलेला कण उचलून बाहेर नेता येतो का, हे त्याच्या आकारावरही ठरते. फुप्फुसातल्या भक्षक पेशी धूलिकण गिळून टाकतात. तंतू १५-२० मायक्रॉनपेक्षा लांब असेल, तर मात्र पेशीला तो पुरता गिळता येत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती तिची दाहक द्रव्ये पाझरत राहतात. तंतू विरघळणारा नसेल, तर हा दाह वर्षानुवर्षे चालतो. अ‍ॅस्बेस्टॉस हेच करते.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीबाबत ब्रिटनने १९३१मध्येच नियम केले होते, तरी तिथे संपूर्ण बंदी यायला १९९९ उजाडले. मधल्या काळात किती कामगारांच्या छातीत ती धूळ साठली असेल! त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग अनेकदा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. आपल्याकडे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस आजही आयात होते. सिमेंटचा पत्रा धड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. तो करवतीने कापताना किंवा त्याला ड्रिल मारताना ते धुळीबरोबर उडतात. हे काम करणाऱ्याच्या तोंडावर बहुधा फार तर एखादा रुमाल असतो. ही बेफिकिरी मला अक्षम्य वाटते.

२००८मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या उदरपोकळीत नॅनोनलिका टोचल्या. लांब, सरळ नलिकांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी निर्माण केल्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नलिकांनी तसे केले नाही. टोचणे म्हणजे श्वासातून जाणे नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. पुढे २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या एकाच प्रकाराला ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले. बाकीच्यांबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही.

म्हणून ‘नॅनोनलिका सुरक्षित आहेत का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. किती लांब, किती ताठ, किती चिवट, आणि कुठल्या टप्प्यावर हवेत उडणाऱ्या, हे विचारले पाहिजे. तेही कारखाना उभा राहण्यापूर्वी, कारण लांबी आणि गुंता बऱ्याच अंशी बनवतानाच ठरवता येतो. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये शिफारस केलेल्या चौकटीत हाच आग्रह आहे: पदार्थाचा धोका, बनवणाऱ्या कामगाराची आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता, पर्यावरणावरचा भार, हे सारे आराखड्याच्या टप्प्यावरच तपासायचे. दिशा योग्य आहे, पण ती चौकट ऐच्छिक आहे.

बॅटरीत पक्क्या बसलेल्या नलिकेपासून गाडी चालवणाऱ्याला सहसा धोका नाही. जोखीम आहे ती कोरडी भुकटी हाताळणाऱ्याला आणि पुढे बाद बॅटऱ्या यंत्रात भरडणाऱ्याला. त्या भरडणीविषयी पुढच्या आठवड्यात.