प्रवास आणि स्वदेशदर्शन

प्रवासाने स्वदेश कळतो, हे खरे. परंतु देश प्रवाशास कोण म्हणून ओळखतो, यावर ते ज्ञान अवलंबून असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९१३ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क व लंडन येथील वास्तव्याने अस्पृश्यतेची जाणीव त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्यास मुक्काम कोठे करावा, या साध्या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली.

१९३४ मध्ये वेरूळची लेणी पाहावयास सुमारे तीस सहकाऱ्यांसह निघाले असता ते वाटेत दौलताबादेस थांबले. गुलमंडीपासून हा किल्ला सुमारे पंधरा किलोमीटरांवर आहे. तेथील हौदात हातपाय धुतल्यावरून पाणी बाटविल्याचा आरोप झाला. अखेर कोठेही पाण्यास न शिवण्याच्या अटीवर, सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. आक्षेप घेणारे मुसलमान होते. हिंदूंचा अस्पृश्य इतरांसही अस्पृश्यच ठरतो, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला.

परदेशाने तुलनेचे माप दिले. स्वदेशातील प्रवासाने ते लावून दाखविले. परमुलखात शिरण्यास लागणारा परवाना आपल्याच देशात मागावा लागावा, हेच त्या शीर्षकाचे मर्म होय.