जुन्या शेठची खोटी शिफारस

कापड बाजारात माणूस ठेवताना सर्टिफिकेट कोणी पाहत नाही. आधीच्या शेठला फोन लावतात, "माणूस कसा आहे?" विचारतात आणि तिकडून येईल त्या उत्तरावर फैसला होतो. शेठने राग मनात ठेवून "हात साफ नाही" म्हटले की त्या गरिबाची रोजी गेली. आम्हीही एकदा अशाच फोनवर भरवसा ठेवून एका हिशेबनिसाला परत पाठवले. पुढे कळले, भांडण होते त्याच्याच दोन महिन्यांच्या थकलेल्या पगाराचे.

आलेली खबर तपासून घ्या, असा हुकूम सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. तो विचारणाऱ्या शेठलाही लागू आहे. आणि नसलेला ऐब लावणे ही नुसती गीबत नव्हे, ते बोहतान आहे.

कायद्यात बदनामीचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ व ५०० होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अगर समाजसेवा. मात्र विचारणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून नेकनियतीने दिलेले मत बदनामी ठरत नाही. मुद्दा अडतो तो इथेच. भरपाईचा दिवाणी दावा करायचा तर एका वर्षाच्या आत करावा लागतो.

पण कोर्टाची पायरी शेवटची. फोनवरचे बोलणे शाबीत करणे कठीण असते, म्हणून ज्या दुकानाने नकार दिला तिथूनच नेमके शब्द काय होते ते काढावे. जमल्यास लिहून घ्यावे. मग जुन्या शेठला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे: अमुक तारखेला आपण असे बोललात, हिशेबात खोट असेल तर दाखवा. पुष्कळ शेठ एवढ्यावरच नरमतात. नाही तर मार्केटमधले दोन बुजुर्ग मध्ये घालावेत.

नवीन जागी वाद लपवू नये. "पगारावरून बिनसले" हे आधीच सांगावे आणि आपले काम पाहिलेल्या दलालाचे, व्यापाऱ्याचे नाव द्यावे. कारीगर भाईंनी काम सोडताना पेशगी फिटल्याची चिठ्ठी सहीनिशी घ्यावी. लूमवर "पेशगी बुडवून पळाला" ही तोहमत सर्वांत स्वस्त आहे.

उलटाही प्रकार चालतो. चोर मुनीम आपल्या गळ्यातून सुटावा म्हणून काही शेठ त्याची तारीफ करतात! म्हणून आम्ही आता एका फोनवर थांबत नाही. दुसऱ्या एखाद्या जागी विचारतो, आणि जुन्या शेठला एक सवाल जास्त करतो: त्याचा पगार चुकता केलात का?