घरबसल्या व्यापारी कायद्याचा अभ्यास

सन १९५९ मध्ये अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या एका जिनिंग कारखान्याशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. प्रस्ताव अहमदाबादहून गेला आणि त्यास होकार खामगावातून मिळाला. पुढे माल आला नाही, तेव्हा पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. होकार खामगावात दिला गेला, म्हणून करार खामगावातच झाला व दावाही तेथेच चालला पाहिजे, असे कारखान्याचे म्हणणे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टपालाने धाडलेला होकार टपालात पडताच प्रस्ताव करणाऱ्यावर बंधनकारक होतो; दूरध्वनीवर मात्र उभय पक्ष जणू समोरासमोर बोलत असतात, यास्तव होकार जेथे ऐकू आला तेथे करार झाला, असा निर्णय न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना व्यापारी कायद्याच्या अभ्यासात हा खटला भेटतो. आता हाच विषय अनेक जण दूरध्वनीच्याच छोट्या पडद्यावर शिकू लागले आहेत.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ ही ऑनलाइन शिक्षणव्यवस्था सुरू केली. तीवरील अभ्यासक्रमास चार अंगे असतात : चित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकासमाधानासाठी चर्चा. व्याख्याने ऐकण्यास शुल्क पडत नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र परीक्षा शुल्क भरून, ठरवून दिलेल्या केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. गृहपाठांना साधारणतः एकूण गुणांच्या २५ ते ३० टक्के भार असतो आणि उर्वरित गुण अंतिम परीक्षेचे असतात.

विषयाचा पाया म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. मालविक्री आणि भागीदारी ही प्रकरणेही पूर्वी याच कायद्यात होती. ती बाहेर काढून १९३० व १९३२ साली स्वतंत्र कायदे करण्यात आले. करार वैध ठरण्यासाठी पक्षकार सज्ञान व सक्षम असावेत, संमती मुक्त असावी, प्रतिफल व उद्देश कायदेशीर असावेत, हे कलम १० चे सार होय. एवढे पाठ करणे अवघड नाही; ते प्रसंगाला लावून पाहणे अवघड आहे. घरातून निघून गेलेल्या मुलाच्या शोधार्थ धन्याने नोकरास हरिद्वारकडे पाठविले, मागाहून बक्षीस जाहीर केले आणि त्याची वार्ता कानी येण्यापूर्वीच नोकराने मुलगा शोधून काढला. तर त्याला बक्षिसावर हक्क सांगता येईल काय? नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये ठरविले. जो प्रस्ताव ठाऊकच नव्हता, त्याची स्वीकृती कशी होणार? वर्गात अशा प्रश्नावर तासभर वाद रंगतो. पडद्यापुढे एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला तो वाद लाभत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. चर्चेची सोय असते, परंतु विचारल्याखेरीज कोणी काही सांगत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाने आठवड्यातून एकदा अशा पाच-सात विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एकच खटला चर्चेस घेतला, तर ही उणीव पुष्कळशी भरून निघेल.

दुसरी अडचण भाषेची. बहुतांश व्याख्याने इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात परिभाषेशी अडखळतो. अशा वेळी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी असावा. महाविद्यालयाच्या कपाटात तो पडून असेल, तर तो बाहेर काढण्यास हे निमित्त पुरेसे आहे.

हा विषय पदवीपुरताच उपयोगी नाही. न वटलेल्या धनादेशाचेच पाहा. बँकेकडून तशी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्यास धनादेश देणाऱ्यास १५ दिवसांची मुदत असते. त्यातही पैसे न दिल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. या मुदती ठाऊक नसल्याने बचतगटाची किंवा छोट्या पुरवठादाराची न्याय्य बाजू लंगडी पडू शकते. संगणकावरून केलेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १०-अ सांगते. संगणकावर निविदा भरणाऱ्या प्रत्येकास ते माहीत असलेले बरे.

नाव नोंदविण्यापूर्वी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्यास शिक्षणसंस्था मुभा देऊ शकते. परंतु कोणते अभ्यासक्रम स्वीकारावयाचे, हे संस्थेने आधी ठरवावयाचे असते. विद्यार्थ्याने परस्पर नाव नोंदविले, परीक्षाही उत्तीर्ण केली आणि तो विषय संस्थेच्या यादीतच नसला, तर प्रमाणपत्र हाती येते, पण श्रेयांक गुणपत्रिकेवर चढत नाहीत. सत्र वाया जाते ते येथे. म्हणून आधी महाविद्यालयाची संमती लेखी घ्यावी. तसेच अभ्यासक्रमास नाव घालणे व परीक्षेसाठी नोंदणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही.

कायद्याच्या पदवीविषयीही एक गैरसमज आढळतो. व्यापारी कायद्याचा असा अभ्यासक्रम पुरा केल्याने वकिलीची सनद मिळत नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे सनदेसाठी लागणारी विधी पदवी महाविद्यालयात नियमित उपस्थित राहूनच घ्यावी लागते. ती दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देऊ करणारी जाहिरात दृष्टीस पडल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांना शुल्क भरण्यापूर्वीच सावध करावे.