विमानतळावरील भाषाव्यवहार आणि मज्जावैविध्य असलेले प्रवासी

विमानतळाच्या प्रवेशद्वारापासून विमानातील आसनापर्यंत पोचेतो प्रवाशाला निदान पाच-सहा ठिकाणी अनोळखी माणसांशी बोलावे लागते. प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवावयाचे, सामान सोपवावयाचे, सुरक्षा-तपासणीस उभे राहावयाचे, फाटकावर पुन्हा कागद दाखवावयाचे आणि अखेरीस विमानसेविकेचे सांगणे ऐकावयाचे, असा हा क्रम असतो. यांपैकी प्रत्येक ठिकाणी काही सेकंदांत प्रश्न कळावा व तितक्याच अवधीत उत्तर मिळावे, अशी अपेक्षा गृहीत धरलेली असते. बहुसंख्य प्रवाशांना या अपेक्षेची जाणीवही होत नाही. ज्यांची श्रवण, अवधान किंवा वाचन यांची घडण निराळी आहे, त्यांची मात्र येथेच अडवणूक होते. त्यांच्या सोयीचा विचार आजवर मुख्यतः वैद्यक, स्थापत्य व कायदा या अंगांनी झाला आहे. भाषेचे अंग त्यामानाने उपेक्षित राहिले.

प्रथम संज्ञेविषयी. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९८ मध्ये ज्यूडी सिंगर यांचा सिडनी येथील प्रबंध आणि हार्वी ब्लूम यांचा अमेरिकेतील लेख यांच्याद्वारे अभ्यासकांपुढे आला. मराठीत त्याला स्थिर प्रतिशब्द नाही. येथे ‘मज्जावैविध्य’ हा शब्द योजिला आहे. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया इत्यादी अवस्था त्यात मोडतात. ऑटिझमसाठी रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द मूळ ग्रीक धातूशी प्रामाणिक आहे खरा. परंतु अशी व्यक्ती जगाकडे पाठ फिरवून स्वतःतच रमलेली असते, असा भ्रम तो निर्माण करतो. वस्तुतः विमानतळावर अशा व्यक्तीची तक्रार नेमकी उलटी असते. तिला जग कमी जाणवत नाही, फार जाणवते. दिव्यांचा झगझगाट, चाकांच्या पेट्यांची घरघर, धातुशोधक यंत्राची शिट्टी, तपासणीसाचा अनपेक्षित स्पर्श हे सर्व एकाच वेळी, सारख्याच तीव्रतेने अंगावर येते. उड्डाणानंतर केबिनमध्ये सुमारे ८० ते ८५ डेसिबलचा अखंड घोष असतो. तेथील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरलेला असतो, आणि विमान खाली येऊ लागले की कान दुखतात. या शारीरिक कारणांचा ऊहापोह अन्यत्र पुष्कळ झाला आहे.

भाषेच्या बाजूने पाहता पहिली अडचण वाच्यार्थाची आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत एका मुलाला हातातील वस्तू ‘खाली ठेव’ असे सांगताच त्याने ती थेट जमिनीवर ठेवल्याची नोंद आहे. मुलाची चूक कोठे होती? शब्दाचा जो अर्थ त्याला शिकविला गेला होता, तोच त्याने घेतला. पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत दाखवून दिले, की संभाषणात वक्ता जे बोलतो त्याहून अधिक सुचवितो व श्रोता ते अधिक अनुमानाने मिळवितो. हे अनुमान अनेक स्वमग्न व्यक्ती शांत परिस्थितीत उत्तम करतात. गोंगाटात, घाईत आणि भीतीच्या छायेत ते करण्याची शक्ती उरत नाही, एवढेच.

आता विमानतळाची भाषा पाहावी. तपासणीस विचारतो, “हात वर करता का?” व्याकरणाने हा प्रश्न आहे, व्यवहाराने ती आज्ञा आहे. ‘हो’ म्हणून स्तब्ध उभा राहणारा प्रवासी व्याकरणाला अनुसरतो आणि उद्धट ठरतो. विलंबाची घोषणा ‘थोड्याच वेळात’ असे म्हणते. हा थोडा वेळ दहा मिनिटांचा की दोन तासांचा, हे कोणी सांगत नाही. ‘अंतिम सूचना’ तीन-तीन वेळा दिली जाते. पहिलीच अंतिम समजून ज्याच्या उरात धडकी भरली, त्याला पुढील दोन ऐकून दिलासा मिळत नाही, फक्त शब्दावरचा विश्वास उडतो. मराठी भाषकांना हे परके वाटू नये. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निरोपाचा हा संकेत अर्थाच्या नेमका उलट आहे आणि ‘येतो’ म्हणणारा मामा दाराबाहेर का गेला, हे मुलाला कधीतरी शिकावे लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर परिणामांची आहे. ती पुनरुक्तीची, म्हणजे ऐकलेले वाक्य तसेच्या तसे परत उच्चारण्याची. दीर्घकाळ ती निरर्थक मानली गेली. कॅनर यांनी मात्र आरंभीच नोंदविले होते, की काही मुले होकार देण्यासाठी प्रश्नच परत म्हणतात. पुढे बॅरी प्रिझंट व ज्यूडिथ ड्यूकन यांनी १९८१ च्या अभ्यासात तत्काळ पुनरुक्तीची सात कार्ये वेगळी करून दाखविली. संभाषणातील आपली पाळी पार पाडणे, होकार देणे, उत्तराची मनात जुळवाजुळव करणे, स्वतःला आवरणे ही त्यांतील काही होत. सुरक्षा-तपासणीच्या ठिकाणी “बॅगेत काय आहे?” या प्रश्नाला “बॅगेत काय आहे?” असाच प्रतिध्वनी उमटला, तर त्याचा अर्थ ‘ऐकले, थांबा, सांगतो’ असा असू शकतो. तपासणीसाच्या कानी मात्र ती चेष्टा पडते. तो आवाज चढवितो. चढलेल्या आवाजाने प्रवासी अधिक गोंधळतो, आणि अल्पावधीत ‘असहकार करणारा प्रवासी’ अशी त्याची नोंद होण्याची वेळ येते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका विशेष गरजा असलेल्या मुलाला, तो घाबरलेला आहे या कारणास्तव, विमान कंपनीने विमानात घेण्याचे नाकारले. त्याचे आईवडीलही त्यामुळे गेले नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीस ५ लाख रुपयांचा दंड केला आणि सहानुभूतीने वागले असते तर मूल शांत होऊ शकले असते, असा अभिप्राय दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये नियम दुरुस्त झाला. अपंगत्वाच्या आधारे प्रवास नाकारता येत नाही. प्रवासात प्रकृती बिघडेल अशी शंका आल्यास डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यावे, अशी तरतूद आता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झालेला असल्याने या नियमाला भक्कम अधिष्ठान आहे. तथापि नियमाने नकारापूर्वी डॉक्टरचे मत घेणे आवश्यक केले तरी, ज्या गैरसमजातून प्रसंग उद्भवतो तो आधीच, फाटकावरच्या दोन वाक्यांत घडून गेलेला असतो.

यावर एक उपाय चिन्हाचा निघाला. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये हिरव्या फितीवर पिवळ्या सूर्यफुलांचे चित्र असलेला गळपट्टा देण्यास सुरुवात झाली. न दिसणारे अपंगत्व असलेल्या प्रवाशाने तो स्वेच्छेने घालावा, त्याला प्रमाणपत्र विचारू नये, आणि कर्मचाऱ्यांनी त्याला अधिक वेळ द्यावा, असा त्यामागील संकेत. तो पुढे अनेक देशांत पसरला. भारतात बंगळूर व दिल्ली येथील विमानतळांनी २०२३ मध्ये तो स्वीकारला. चिन्हशास्त्राच्या दृष्टीने ही योजना मोठी मार्मिक आहे. सूर्यफुलाचा आणि मज्जासंस्थेचा काहीही निसर्गसिद्ध संबंध नाही. चिन्ह सर्वस्वी रूढीवर उभे आहे. म्हणून ज्याला रूढी शिकविली नाही त्या शिपायाच्या दृष्टीने ते केवळ शोभेचे फूल होय. शिवाय अडचण व्यवस्थेत असताना खूण प्रवाशाने वागवावी, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

घोषणाच बंद करण्याचा मार्ग त्याहून गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या विमानतळाने २०१८ मध्ये ध्वनिक्षेपकावरील नित्याच्या उड्डाण-घोषणा थांबविल्या; चेन्नईने २०२२ मध्ये तेच केले. ध्वनीने त्रस्त होणाऱ्याला ही शांतता वरदान वाटेल. परंतु घोषणा थांबली म्हणजे माहिती नाहीशी होत नाही. ती फलकावर जाते. डिस्लेक्सिया असलेल्या प्रवाशाला सतत बदलणाऱ्या ओळींतून आपले उड्डाण हुडकणे अवघड, आणि अवधान न टिकणाऱ्याला दर पाच मिनिटांनी फलक पाहण्याचे स्मरण राहणे अवघड. एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय होते. योगायोग असा, की डिसेंबर २०१८ मध्येच विमानतळांवरील घोषणा प्रथम स्थानिक भाषेत कराव्यात असा आदेश निघाला. जेथे घोषणाच नाहीत तेथे तो लागू होण्याचा प्रश्न येत नाही, आणि मराठी कानांना मिळू शकली असती अशी एक सोय तेवढ्यापुरती हुकली.

सर्वांत फलदायी उपाय पूर्वतयारीचा दिसतो. अमेरिकेत बॉस्टनच्या विमानतळावर २०११ पासून स्वमग्न मुलांसाठी विमानप्रवासाची रंगीत तालीम घेण्यात येऊ लागली. पिट्सबर्गच्या विमानतळावर २०१९ मध्ये उघडलेल्या शांतिकक्षात विमानाच्या केबिनची प्रतिकृतीच ठेवलेली आहे. ज्यांना अशी तालीम शक्य नाही त्यांच्यासाठी ‘सामाजिक कथा’ हा लेखनप्रकार उपयोगी पडतो. मिशिगनमधील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी तो १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित केला. प्रसंगाचे वर्णन साध्या वाक्यांत करावयाचे, आणि आज्ञार्थी वाक्य एक असेल तर वर्णनपर वाक्ये दोन ते पाच असावीत, असे त्यांचे मूळ प्रमाण होते.

ही कथा मराठीत लिहू गेल्यास व्याकरण आडवे येते. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्य मुलगा व मुलगी दोघांनाही चालते. मराठीत ‘मी रांगेत उभा राहतो’ व ‘मी रांगेत उभी राहते’ अशी दोन वाक्ये करावी लागतात. ‘मी आसनावर बसेन’ या भविष्यकाळी रूपात लिंगभेद नाही, म्हणून ते सोयीचे वाटते. पण त्यात वचन आहे, आणि विमान रद्द झाल्यास कथा खोटी ठरते. वाच्यार्थाला धरून चालणाऱ्या वाचकाला ही फसवणूक वाटल्यास नवल नाही. ‘विमान बहुधा वेळेवर सुटते, कधीकधी उशीर होतो, उशीर झाला तर मला बाकावर थांबावे लागते’ ही रचना अधिक निर्दोष होय. ‘मला थांबावे लागते’ यात क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही, आणि ‘बहुधा’ व ‘कधीकधी’ ही अव्यये अनिश्चितता लपवीत नाहीत. शाळांतून किंवा विमानतळांवरून वाटण्याच्या मराठी पुस्तिका तयार करताना ‘मी जातो’पेक्षा ‘मला जायचे आहे’ हा प्रयोग वापरल्यास एकच मजकूर सर्व मुलांना पुरेल, आणि ‘थोडा वेळ’ याऐवजी घड्याळाचा काटा कोठे येईपर्यंत थांबावयाचे, हे चित्राने दाखविता येईल.