घरगुती संगणकास दोन गाभे की चार?

संगणक विकत घ्यावयास निघालेल्या कुटुंबापुढे दुकानदार जी माहिती ठेवतो, तीत ‘ड्युअल-कोअर’ आणि ‘क्वाड-कोअर’ हे शब्द हटकून असतात. पहिल्याचा अर्थ दोन गाभ्यांचा प्रोसेसर व दुसऱ्याचा चार गाभ्यांचा. चार ही संख्या दोनाची दुप्पट. तेव्हा चार गाभ्यांचा संगणक दुप्पट वेगाने काम करील, असे ग्राहकास साहजिकच वाटते. हे अनुमान काही कामांच्या बाबतीत जवळजवळ खरे ठरते, काहींच्या बाबतीत अर्धवट खरे ठरते, तर काहींच्या बाबतीत ते साफ चुकते. आज नव्याने विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांत चार किंवा त्याहून अधिक गाभे असतात. तथापि जुन्या, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवलेल्या संगणकांत दोन गाभ्यांची यंत्रे पुष्कळ आढळतात. मोजक्या पैशांत संगणक घेणाऱ्या कुटुंबास, शाळेस वा ग्रंथालयास म्हणूनच हा प्रश्न नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गाभा म्हणजे काय?

स्मृतीतून एक आज्ञा उचलावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, ती पार पाडावयाची आणि उत्तर योग्य जागी ठेवावयाचे, हे चक्र प्रोसेसर अखंड चालवीत असतो. हे चक्र स्वतंत्रपणे चालवू शकणाऱ्या संपूर्ण यंत्रणेस गाभा असे म्हणतात. १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि गाभा एकच होता. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांत एकच गाभा असे. त्याची गती वाढवावयाची म्हणजे घड्याळाचे ठोके जलद करावयाचे, हाच प्रमुख मार्ग होता. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ३०० कोटी ठोके.

या मार्गात उष्णता आडवी आली. आय. बी. एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा, तसतसा त्याचा विद्युतदाबही कमी करता येतो आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. परंतु ट्रान्झिस्टर फारच सूक्ष्म झाल्यावर त्यांतून विजेची गळती होऊ लागली व दाब पूर्वीच्या प्रमाणात उतरविणे अशक्य झाले. २००४ च्या अखेरीस आलेला ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ हा ११५ वॅटच्या श्रेणीतील होता. त्याच वर्षी इंटेलने याहून वेगवान होऊ घातलेल्या एकगाभी प्रोसेसरची योजना रद्द केली.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. प्रोसेसरला लागणारी शक्ती स्थूलमानाने ठोक्यांच्या गतीच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती व दाब ही दोन्ही २० टक्क्यांनी कमी केल्यास शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे निम्म्याच्या आसपास येते. अशा दोन मंद गाभ्यांस मिळून मूळच्या एका गाभ्याइतकीच वीज लागते. मात्र त्यांची एकत्रित कार्यशक्ती १.६ पट होते. हेच तत्त्व घेऊन २००५ साली इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर आणले. चार गाभ्यांचे प्रोसेसर २००६ च्या अखेरीपासून येऊ लागले.

काम वाटले जाते का?

अनेक गाभ्यांचा लाभ काम वाटून घेता येण्यावर अवलंबून असतो. पुरणपोळीचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणावा. डाळ शिजल्याखेरीज तीत गूळ घालता येत नाही, आणि पुरण आटल्याखेरीज ते वाटता येत नाही. या पायऱ्यांना जेवढा वेळ लागावयाचा तेवढा लागतोच. स्वयंपाकघरात एक बाई असो की चार. पोळ्या लाटणे मात्र चौघींना वाटून घेता येते. एवढे करूनही चूल एकच असेल, तर लाटलेल्या पोळ्या तव्याची वाट पाहत राहतात. संगणकात या चुलीची जागा स्मृतीची असते: चारही गाभे एकाच स्मृतीतून माहिती मागू लागले, म्हणजे त्यांना एकमेकांसाठी खोळंबावे लागते.

१९६७ साली जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने ही मर्यादा गणिती विचाराने स्पष्ट केली; ती आज अॅमडालचा नियम म्हणून ओळखली जाते. तिचे सार असे, की कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो अखेर सबंध कामाच्या वेगावर मर्यादा घालतो, मग गाभे कितीही वाढवावेत.

एक प्रत्यक्ष उदाहरण

२००८ साली संगणक जुळविणाऱ्यांपुढे दोन प्रोसेसर उभे होते. कोअर २ ड्युओ ई ८४०० यात दोन गाभे व ३ गिगाहर्ट्झची गती होती. कोअर २ क्वाड क्यू ६६०० यात चार गाभे, पण गती २.४ गिगाहर्ट्झ होती. पहिला ६५ वॅटच्या श्रेणीतील, तर दुसरा मूळ आवृत्तीत १०५ वॅटच्या. दर ठोक्यास दोघांचा गाभा सारखेच काम करतो आणि स्मृतीचा खोळंबा होत नाही असे धरून हिशेब करता येईल.

क्यू ६६०० च्या एका गाभ्यास ६० मिनिटे लागतील असे एक काम घेतले, तर ई ८४०० चा एक गाभा ते ४८ मिनिटांत करील. हे काम मुळीच वाटता येत नसेल, तर चार गाभ्यांच्या प्रोसेसरला ६० मिनिटे लागतील व दोन गाभ्यांचा ४८ मिनिटांत मोकळा होईल. निम्मे काम वाटता येत असेल, तर चार गाभ्यांना साडेसदतीस मिनिटे लागतील आणि दोन गाभ्यांना ३६. दहापैकी नऊ हिस्से वाटता येत असतील, तर मात्र चित्र पालटते: चार गाभ्यांना साडेएकोणीस मिनिटे व दोन गाभ्यांना २६ मिनिटांहून थोडा अधिक वेळ. सातांपैकी चार हिस्से वाटता आले, म्हणजे दोघांची बरोबरी होते. त्याच्या खाली वेगवान दोन गाभे सरस, त्याच्या वर चार.

घरातील कामे कोणती?

पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते, ग्रंथसूचीतील नोंदी या कामांत संगणकच बहुतेक वेळ माणसाची वाट पाहत असतो. दोन गाभे त्यांस पुरेसे होतात. चलच्चित्रांचे रूपांतर, छायाचित्रांच्या मोठ्या संचावरील प्रक्रिया व त्रिमितीय चित्रांची निर्मिती ही कामे उत्तम वाटली जातात; तेथे चार गाभ्यांचा पैसा वसूल होतो. इंटरनेटवरील पाने पाहण्याचे काम या दोहोंच्या मध्ये येते. आजचे ब्राउझर निरनिराळी पाने निरनिराळ्या गाभ्यांवर सोपवू शकतात. त्यामुळे अनेक पाने उघडी ठेवून दूरस्थ वर्गास बसणाऱ्या विद्यार्थ्यास चार गाभ्यांचा उपयोग निश्चित जाणवतो.

जुना संगणक घेताना दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पहिली अशी, की काही प्रोसेसरांत एकच गाभा आज्ञांच्या दोन मालिका एकाच वेळी हाताळतो. असा दोन गाभ्यांचा प्रोसेसर पडद्यावर चार असल्यासारखा दिसतो, पण त्यास चार गाभ्यांचे बळ नसते. २०१७ पर्यंतच्या टेबलावरील संगणकांतील कोअर आय ३ आणि लॅपटॉपमधील अनेक कोअर आय ५ याच प्रकारचे होते. कोअर आय ५ हे नाव चार गाभ्यांची हमी देत नाही. दुसरी गोष्ट पिढीची. २०१७ चा दोन गाभ्यांचा आय ३ ७१०० हा २००७ च्या चार गाभ्यांच्या क्यू ६६०० ला बहुतेक कामांत मागे टाकतो व वीजही कमी खातो. गाभ्यांची तुलना एकाच काळच्या प्रोसेसरांमध्येच करावी.

विंडोज ११ या प्रणालीस किमान दोन गाभे पुरतात. मात्र मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत इंटेलचे प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीपासूनचे आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यास्तव त्यापूर्वीच्या यंत्रावर लिनक्ससारखी प्रणाली चालविण्याची तयारी असावी.

निवडीचा क्रम

प्रथम संगणकावर कोणती कामे व्हावयाची, याची यादी करावी. नंतर प्रोसेसरची पिढी पाहावी व त्यानंतर गाभे मोजावेत. साध्या कामांसाठी दोन व चार गाभ्यांच्या किमतीतील फरकाचा पैसा अधिक स्मृतीवर आणि फिरत्या तबकडीऐवजी घन-अवस्था साठवणुकीवर खर्च केल्यास संगणक अधिक तत्पर वाटतो. फरक अल्प असेल आणि यंत्र पाच-सात वर्षे वापरावयाचे असेल, तर चार गाभे घेणे शहाणपणाचे ठरते. कारण नवे कार्यक्रम दिवसेंदिवस काम वाटून घेण्याच्या पद्धतीनेच लिहिले जात आहेत.