स्तनाची सूज आणि रोजच्या गोळ्या



गाईच्या कासेला दगडी झाली तर आपण चारचौघांत सांगतो आणि लगोलग डॉक्टरांना बोलावतो. पण घरातल्या बाईच्या छातीला सूज आली, गाठ धरली, तर ती पदराआड दुखणे लपवते. लाज असते आणि ‘कॅन्सरच निघाला तर?’ ही धास्तीही असते. म्हणून या दुखण्याच्या एका कमी ठाऊक असलेल्या कारणाविषयी आम्ही लिहीत आहोत. ते कारण म्हणजे रोज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या.

अंगावर पाजताना दूध साठून सूज येते, हे आयाबायांना माहीत असते. पण मूल तुटून वर्ष-दोन वर्षे झाल्यावरही कधी कधी स्तनात कठीण, दुखरी गाठ होते. कातडी लाल होते, पू धरतो, भोक पडून वाहू लागते. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा असा एक आजार आहे. १९७२ साली त्याची वेगळा आजार म्हणून नोंद झाली. पुष्कळदा त्याचे कारण सापडत नाही. पण काही स्त्रियांच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेले आढळते.

प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी ते सोडते. पाटाला फळी घालून पाणी अडवावे, तसे मेंदूतले डोपामिन त्याला एरवी अडवून धरते. काही औषधांनी डोपामिनचे काम थांबते. फळी निघाली की पाणी सुटणारच! मग मूल नसताना दूध येते, पाळी लांबते किंवा बंद होते. हे दूध नळ्यांत साचून आजूबाजूला पाझरते आणि तिथे दाह होतो, असे तज्ज्ञ मानतात.

अशी औषधे कोणती? मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल; उलटी-मळमळीवरची मेटोक्लोप्रामाइड व डोम्पेरिडोन; पोटासाठी दिली जाणारी लेव्होसल्पिराइड. ॲसिडिटीच्या कित्येक गोळ्यांत डोम्पेरिडोन मिसळलेले असते. चार दिवसांसाठी दिलेली गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणारे आपल्यात थोडे नाहीत. अर्थात ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकीला सूज येते असे मुळीच नाही. फार थोड्यांना येते.

घोटाळा होतो तो निदानात. साधे गळू समजून चीर दिली जाते. ते भरत नाही, पुन्हा चीर दिली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार क्षयासारखा दिसतो, त्यामुळे क्षय नसतानाही क्षयाची औषधे सुरू होऊ शकतात. उलट, खरोखरच क्षय किंवा कॅन्सरही असू शकतो. म्हणून सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी, क्षयाची तपासणी आणि रक्तातले प्रोलॅक्टिन, एवढे पाहिल्याशिवाय अंदाजाने उपचार नकोत. निदान पक्के झाले की औषध बदलून, प्रोलॅक्टिन उतरवून, जरूर तर दाह कमी करणारे औषध देऊन गुण येतो. मात्र त्याला कित्येक महिने लागतात; धीर सोडू नये.

जुन्नरच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या घाटघरचा विचार करा. तिथून जुन्नर सुमारे ३० किलोमीटर. आवणीच्या दिवसांत मुसळधार पाऊस आणि हातातले काम टाकून त्या बाईने एवढी वाट तुडवायची, तर ती फेरी वाया जाता कामा नये. म्हणून आमचे सांगणे एकच आहे : दवाखान्यात जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. “पोटाची पांढरी गोळी हाय” एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. पाकिटावरच्या नावाने कळते. दूध येत असेल, पाळी चुकली असेल, तर तेही न लाजता सांगा.

आणखी एक कळकळीची विनंती. हे वाचून मानसिक आजारावरच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आजार उलटला तर सूज परवडली असे होईल. कमी प्रोलॅक्टिन वाढवणारी दुसरी औषधे आहेत. बदल डॉक्टरांनीच करायचा.

पुरुष सभासदांनी हा मजकूर घरी मोठ्याने वाचून दाखवावा. दगडी झालेल्या गाईसाठी जी धावपळ आपण करतो, तेवढी तरी घरच्या माउलीसाठी करूया.